दृष्टिहीन दलित विद्यार्थी आणि महाविद्यालयाची तयारी

१

शिक्षण हा दलित चळवळीचा पाया आहे, हे आता कोणाला पटवून देण्याची गरज उरलेली नाही. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली तत्कालीन औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालयाचा आरंभ झाला. ज्या घरांत पाटी कधी आली नव्हती, त्या घरांतून पदवीधर बाहेर पडले. या इतिहासाचा अभिमान आपण बाळगतो आणि तो रास्तच आहे. परंतु आपल्याच वस्तीतील जो मुलगा किंवा जी मुलगी डोळ्यांनी पाहू शकत नाही, तिच्यापर्यंत ‘शिका’ हा शब्द पोचला काय, असा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारला आहे. अशी मुलगी बहुधा घरात असते. आई-बाप सोयाबीनच्या नाहीतर तुरीच्या शेतात मजुरीला गेले की ती धाकट्या भावंडांना सांभाळते. तिची बुद्धी, तिची स्मरणशक्ती यांचे कौतुक होते. पण तिचे नाव महाविद्यालयाच्या हजेरीपटावर असू शकते ही कल्पना कोणाच्याच मनात येत नाही.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे ५० लाखांना दृष्टिदोष होता. अपंगांमधील साक्षरता सुमारे ५५ टक्के भरली, तर देशाची एकूण साक्षरता त्याच वेळी ७३ टक्क्यांच्या घरात होती. ही दरी डोळ्यांच्या दोषाने पडलेली नाही. ती समाजाने पाडलेली आहे.

ती कशी पाडली गेली, हे समजून घेणे आपल्याला अवघड जाऊ नये. अस्पृश्यतेचे आणि अंधत्वाचे समर्थन या देशात एकाच तत्त्वज्ञानाने केले. मागच्या जन्मी पाप केले म्हणून या जन्मी हीन जात मिळाली, आणि मागच्या जन्मी पाप केले म्हणूनच डोळे गेले! मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात जन्मांध आणि जन्मबधिर यांना वडिलांच्या मालमत्तेतील वाटा नाकारला आहे. त्यांना अन्नवस्त्र द्यावे, पण वाटा देऊ नये, असा तो न्याय. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला गेला, त्यात ही कलमेही होती. पुढच्याच वर्षी, १९२८ साली, अंधत्वासारख्या कारणावरून हिंदूंना वारसाहक्कापासून वंचित ठेवण्याची रूढी कायद्याने मोडीत काढली. पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धान्त बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात स्पष्टपणे नाकारला आहे. तेव्हा जो बौद्ध म्हणवतो आणि आपल्या आंधळ्या मुलीकडे पाहून ‘नशीब’ असे म्हणतो, त्याच्या मनातून जुना धर्म अजून गेलेला नाही, असे म्हणावे लागते.

दुसरे साम्य व्यवसायाचे आहे. जातिव्यवस्थेने माणसाला विचारले नाही की तुला काय व्हायचे आहे. तिने काम नेमून दिले. अंधांच्या बाबतीतही समाजाने हेच केले. खुर्च्या विणणे, खडू-मेणबत्त्या करणे, पेटी-तबला वाजवणे, गाणे, आणि यातले काही जमले नाही तर भीक मागणे, एवढेच धंदे त्यांच्यासाठी राखून ठेवले. यांपैकी एकही श्रम हलका नाही. वाशीम जिल्ह्यातील अंध मुलांचा ‘चेतन सेवांकुर’ हा वाद्यवृंद गावोगाव ऐकला जातो, आणि ती मुले आपल्या कलेवर मानाने उभी आहेत. पण जो गातो त्याने स्वतः गाणे निवडलेले असावे. ज्याला अर्थशास्त्र शिकायचे आहे त्याच्या हाती पेटी दिली, तर ते नवे जातिबंधनच होय. महाविद्यालयाची तयारी म्हणजे या निवडीची तयारी, असे मी समजतो.

नावाविषयीही एक शब्द सांगितला पाहिजे. २०१५ पासून शासनव्यवहारात ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ झाला. अपंगांच्या चळवळीतील अनेकांनी त्याला विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की, आमच्यात दिव्य काही नाही. आम्हाला उतरती वाट, वाचता येणारे पुस्तक आणि परीक्षेत पुरेसा वेळ द्या. ‘हरिजन’ हे गोड नाव ज्यांनी नाकारले, त्यांना ही भूमिका समजावून सांगायला नको. कागदोपत्री ‘दिव्यांग’ लिहावे लागेल तेथे लिहावे. मनात मात्र हक्काचा माणूस हीच ओळख ठेवावी.

२

आता प्रत्यक्ष वाट पाहू. वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील केनवड हे गाव उदाहरणादाखल घ्या. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा २०१८ साली नीती आयोगाच्या ‘आकांक्षित’, म्हणजे सरळ भाषेत मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत आला. केनवडच्या विद्यार्थ्याला महाविद्यालय म्हणजे रिसोड किंवा वाशीम. पुढचे शिक्षण म्हणजे अमरावती. विद्यापीठ संत गाडगेबाबांच्या नावाचे, १९८३ साली स्थापन झालेले.

केनवडसारख्या गावातील दृष्टिहीन मुलापुढे शाळेच्या दोन वाटा असतात. पहिली वाट निवासी अंधशाळेची. अमरावतीला डॉ. नरेंद्र भिवापूरकर अंध विद्यालय आहे, वरोऱ्याजवळ आनंदवनात अंधांसाठी शाळा आहे. येथे मूल ब्रेल शिकते, स्वतः चालायला शिकते, आपल्यासारख्या इतरांना भेटते. दुसरी वाट गावातल्याच शाळेची. समग्र शिक्षा योजनेखाली गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकाने अशा मुलापर्यंत जावे, अशी व्यवस्था आहे. येथे मूल घरी राहते, वस्तीतल्या मित्रांबरोबर शिकते.

दोन्ही वाटांचे गुण आहेत. पण दोन्ही वाटा महाविद्यालयाच्या दारापाशी एकाएकी अरुंद होतात. अंधशाळेतल्या मुलाला सगळे काही आयते ब्रेलमध्ये मिळालेले असते. महाविद्यालयात त्याला अकस्मात शंभर डोळस मुलांच्या वर्गात, फळ्यावर लिहिणाऱ्या आणि पुस्तकाचे नाव सांगून मोकळ्या होणाऱ्या प्राध्यापकासमोर बसावे लागते. गावच्या शाळेतल्या मुलाला डोळस वर्गाची सवय असते. पण बहुधा त्याला कोणी ब्रेल शिकवलेले नसते. ऐकून-ऐकून आणि लेखनिक घेऊन तो बारावीपर्यंत आलेला असतो. त्याने स्वतःच्या हाताने एक परिच्छेदही लिहिलेला नसतो. म्हणून तयारी बारावीच्या निकालानंतर सुरू करून भागत नाही. ती आठवीपासून, फार तर नववीपासून करावी लागते, आणि प्रत्येक मुलाने आपल्या वाटेत जे मिळाले नाही ते हेतुपुरस्सर मिळवावे लागते.

मुलींच्या बाबतीत आणखी एक भिंत आहे. आंधळी पोर वसतिगृहात कशी पाठवावी, हे आईचे भय खोटे नाही. पण या भयाचे उत्तर घरात कोंडणे हे नव्हे. वसतिगृह कसे आहे, अधीक्षिका कोण, रात्री मुलींपाशी कोण असते, हे आपल्या महिला कार्यकर्त्यांनी स्वतः जाऊन पाहावे आणि त्या आईला सांगावे. अशा एका भेटीने जे साधते ते दहा भाषणांनी साधत नाही. वसतिगृहात जात संपते अशीही समजूत करून घेऊ नये. जात ओळखायला डोळे लागत नाहीत. आडनाव कानांनाही ऐकू येते.

३

पहिली तयारी अक्षराची. लुई ब्रेल या फ्रेंच तरुणाने, जो स्वतः अंध होता, १८२४ च्या सुमारास सहा टिंबांची लिपी तयार केली. दोन उभ्या ओळींत तीन-तीन टिंबे. त्यांच्या उठावातून ६३ आकृत्या होतात. भारतातील भाषांसाठी १९५१ साली भारती ब्रेल ही समान पद्धती स्वीकारली गेली, आणि मराठीही तीतच लिहिली जाते. ब्रेल पाटीवर कागद अडकवून टोचणीने टिंबे पाडतात. लिहिताना उजवीकडून डावीकडे जायचे आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचायचे. डोळस शिक्षकाला हे प्रथम चमत्कारिक वाटते. मुलाला महिनाभरात त्याची सवय होते.

आज मोबाइल बोलतो, पुस्तके ऐकता येतात, मग ब्रेल कशाला, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांना उत्तर सोपे आहे. जो केवळ ऐकतो त्याला ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक कळत नाही. जोडाक्षर कसे होते, परिच्छेद कोठे तुटतो, अवतरणचिन्ह कोठे पडते, हे कानाला समजत नाही. डोळस मुलाला आपण रेडिओ ऐकवून साक्षर झाला असे म्हणत नाही. मग अंध मुलाला का म्हणावे? ज्या समाजाला अक्षर हजारो वर्षे नाकारले गेले, त्याने तरी ऐकीव ज्ञानावर समाधान मानू नये. मराठीत ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक २००८ पासून सुरू झाले. असे नियतकालिक मुलाच्या बोटांखाली गेले की वाचनाचा वेग आपोआप वाढतो.

ज्यांना थोडी दृष्टी आहे त्यांचा प्रश्न निराळा आहे. ते ना धड डोळस मानले जातात ना धड अंध. त्यांच्यासाठी मोठी अक्षरे, भिंग, खिडकीजवळची जागा, काळ्या शाईची जाड रेघ या साध्या गोष्टी निर्णायक ठरतात. मात्र दृष्टी कमी होत जाणारा रोग असेल, तर दिसते आहे तोवरच ब्रेल शिकून ठेवणे शहाणपणाचे.

दुसरी तयारी संगणकाची. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणालीला स्क्रीन रीडर म्हणतात. त्यांपैकी एनव्हीडीए ही प्रणाली ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांनी विकसित केली. ती विनामूल्य मिळते आणि मराठीही वाचते. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक ही सोय मुळातच असते. दहावीच्या सुट्टीत मुलाने मराठी आणि इंग्रजी टंकलेखन न पाहता, बोटांच्या सवयीने शिकून घ्यावे. महाविद्यालयात टिपणे काढणे, निबंध लिहिणे, प्राध्यापकाला पत्र पाठवणे हे सारे यावरच अवलंबून आहे.

तिसरी तयारी चालण्याची. पांढरी काठी हे लाजेचे चिन्ह नव्हे, ते साधन आहे. केनवडच्या वस्तीतून बसथांब्यापर्यंत जो मुलगा एकटा जाऊ शकतो, तो रिसोडच्या महाविद्यालयातही जाऊ शकतो. वर्ग सुरू होण्यापूर्वी, सुट्टीतच, त्याने कोणाला तरी बरोबर घेऊन महाविद्यालयाची इमारत दोन-तीनदा पायांखाली घालावी. फाटक कोठे, ग्रंथालयाला किती पायऱ्या, स्वच्छतागृह कोणत्या बाजूला, हे पाठ करावे. हात धरून नेणारा भाऊ प्रेमाने नेतो हे खरे. पण भाऊ ज्या दिवशी कामाला जातो त्या दिवशी शिक्षण बुडते.

चौथी तयारी लेखनिकाबरोबर परीक्षा देण्याची. हे एक स्वतंत्र कौशल्य आहे आणि ते कोणी शिकवत नाही. केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ ठरवून दिला. लेखनिक सामान्यतः परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेचा असावा, असा दंडक असतो. याचा परिणाम असा की, बी. ए. च्या मुलाला ‘अनुभववाद’ किंवा ‘मध्यमपदलोपी’ हा शब्द अशा मुलाला सांगावा लागतो, ज्याने तो कधी ऐकलेला नसतो. म्हणून अक्षर फोडून सांगणे, विरामचिन्ह बोलणे, मुद्दा कोठे संपला ते सांगणे, लिहिलेले पुन्हा वाचून घेणे, याचा सराव वर्षभर निरनिराळ्या लेखनिकांबरोबर करावा. लेखनिकाचे नियम परीक्षेगणिक आणि वर्षागणिक बदलतात; त्या-त्या वर्षीचे परिपत्रक महिनाभर आधी हाती असले पाहिजे.

४

यानंतर येतो विषयनिवडीचा प्रश्न, आणि येथेच सर्वांत जास्त मुले गळतात. दृष्टिहीन मुलाला शाळेत गणित सोडण्याची सवलत सुचवली जाते. शिक्षकांचा हेतू चांगला असतो. मूल पास व्हावे हाच तो हेतू. पण पंधराव्या वर्षी सोडलेले गणित पंचविसाव्या वर्षी नोकरीच्या परीक्षेत आडवे येते. विज्ञान, वाणिज्य, संगणक ही दारे तेथेच बंद होतात आणि उरते ती एकच वाट: कला शाखा, आणि तीतही जो विषय ‘सोपा’ मानला जातो तो. टेलर फ्रेम, अबॅकस, उठावाच्या आकृत्या यांच्या साह्याने गणित शिकता येते. तेव्हा सवलत घेण्यापूर्वी शिक्षकाने मुलाला आणि पालकाला तिची किंमत समजावून सांगितली पाहिजे. सवलत घेणे हा हक्क आहे. ती लादली गेली तर मात्र ते वंचित करणेच होय.

काय होऊ शकते याची उदाहरणे दूरची नाहीत. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी सहाव्या वर्षी गेली. दादरच्या कमला मेहता अंधशाळेत, मग मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात आणि पुढे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात त्या शिकल्या. २०१६ साली केंद्रीय परीक्षेत यश मिळूनही रेल्वेच्या लेखासेवेत अंधत्वाचे कारण सांगून त्यांना घेतले गेले नाही. पुढच्या वर्षी १२४ वा क्रमांक मिळवून त्या भारतीय प्रशासन सेवेत गेल्या. कायद्याच्या क्षेत्रात तर ३ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, केवळ दृष्टिहीन आहे म्हणून कोणालाही न्यायाधीशपदाच्या भरतीतून वगळता येणार नाही. आज नववीत असलेल्या मुलीला हे सांगितले पाहिजे. न्यायाधीश होता येते हे ठाऊक असलेली मुलगी निराळ्या उमेदीने शिकते.

माला पापळकर यांचे उदाहरण तर आपल्या विदर्भातले. तान्हेपणी जळगावच्या रेल्वे स्थानकावर टाकून दिलेली ही दृष्टिहीन मुलगी अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांच्या बालगृहात वाढली. तिने अमरावतीत शिक्षण घेतले आणि २०२४ साली राज्य लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखक पदाची परीक्षा ती उत्तीर्ण झाली. वर्तमानपत्रांनी याला जिद्दीची कथा म्हटले. जिद्द होतीच, पण जिद्द आपल्या वस्त्यांतही आहे. तिला राहायला जागा होती, शिकवणारी माणसे होती, अर्ज भरून देणारे आणि पुन्हा प्रयत्न कर म्हणणारे कोणी होते. चमत्कार म्हणून टाळ्या वाजवल्या की ही साधने इतरांना का मिळाली नाहीत, हे विचारायचे राहून जाते.

५

आता कागदपत्रांविषयी. दलित कुटुंबाला कचेरीची वाट नेहमीच लांब असते. अपंगत्व आले की ती दुप्पट होते. पहिला कागद अपंगत्वाचा. अर्ज संगणकावरून करावा लागतो, तपासणी जिल्हा सामान्य रुग्णालयात होते आणि त्यावरून ‘यूडीआयडी’ हे ओळखपत्र मिळते. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाची नोंद लागते. दुसरा कागद जातीचा, आणि व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी जातवैधतेचा. तिसरा उत्पन्नाचा. हे तिन्ही अकरावीतच तयार ठेवावेत. जूनमध्ये धावपळ केल्याने प्रवेश हुकतात.

२०१६ चा अपंग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याच्या ३२ व्या कलमानुसार शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा अपंगांसाठी राखीव आहेत, आणि प्रवेशाच्या कमाल वयात पाच वर्षांची सूट आहे. ३४ व्या कलमाने शासकीय नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखल्या असून त्यांतील १ टक्का अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. प्रवेश घेताना कारकून कधी कधी सांगतो की, अनुसूचित जातीची सवलत घ्या किंवा अपंगांची घ्या, दोन्ही मिळणार नाहीत. हे बरोबर नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात समजावून सांगितले आहे की सामाजिक आरक्षण उभे असते आणि अपंगांचे आरक्षण आडवे. आडवे म्हणजे ते प्रत्येक उभ्या प्रवर्गाला छेदून जाते. अनुसूचित जातीचा दृष्टिहीन विद्यार्थी अपंगांच्या जागेवर आला की त्याची गणना अनुसूचित जातीच्या प्रवर्गातच होते. म्हणून अर्जातले दोन्ही रकाने भरावेत आणि दोन्ही प्रमाणपत्रे जोडावीत. २०२० साली आर्यन राज प्रकरणात त्याच न्यायालयाने असेही मान्य केले की, अपंग व्यक्ती सामाजिकदृष्ट्याही मागास असतात, आणि अनुसूचित जाती-जमातींना गुणांत जी शिथिलता मिळते ती त्यांनाही मिळाली पाहिजे.

शिष्यवृत्तीचेही असेच आहे. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, सुरू झाली. अंध विद्यार्थ्यासाठी वाचकाचा भत्ता या योजनेत पुढे दीर्घकाळ होता, ही गोष्ट आपल्यातील किती जणांना माहीत होती? जे माहीत नसते ते मागितले जात नाही. अपंग विद्यार्थ्यांसाठी केंद्राची स्वतंत्र मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीही आहे. कोणती घेणे हिताचे ते दोन्हींचे चालू नियम वाचून ठरवावे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, आणि तिच्यात अपंग विद्यार्थ्यासाठी गुणांची अट सैल ठेवलेली आहे. एस. टी. च्या भाड्यातही अपंगांना मोठी सवलत मिळते.

६

एवढे सारे जमले तरी पुस्तकाचा प्रश्न उरतोच. शालेय पाठ्यपुस्तकांची ब्रेलमध्ये काही सोय तरी असते. महाविद्यालयात ती जवळजवळ संपते. कायद्याची अडचण आता नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात अशी मुभा दिली की, अपंगांना वाचता यावे म्हणून पुस्तकाचे रूपांतर करण्यास लेखक-प्रकाशकाची परवानगी लागत नाही. याच हेतूने २०१३ साली मराकेश येथे झालेला आंतरराष्ट्रीय करार २०१४ साली सर्वप्रथम मान्य करणारा देश भारत होता. २०१६ साली ‘सुगम्य पुस्तकालय’ हे संगणकीय ग्रंथालय सुरू झाले. सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिहीनांसाठी साधनकेंद्र उभे राहिले. मार्ग आहेत, पण मराठी पुस्तके, त्यातही आपली पुस्तके, त्या मार्गावर कोणी ठेवायची?

हा प्रश्न थेट आपल्याला लागू होतो. बाबासाहेबांच्या समग्र लेखन-भाषणांचे खंड १९७९ पासून शासनाने प्रसिद्ध केले. पण छापील पानाचे केवळ छायाचित्र काढून ठेवले, तर बोलणाऱ्या यंत्राला ते कोरे दिसते. आपली कित्येक नियतकालिके आणि पुस्तके जुन्या संगणकीय फाँटमध्ये टंकलेली आहेत. त्यांत डोळ्याला मराठी दिसते. आत मात्र इंग्रजी अक्षरे साठवलेली असतात आणि स्क्रीन रीडर निरर्थक काहीतरी बरळतो. मजकूर युनिकोडमध्ये असेल तरच तो नीट वाचला जातो. म्हणजे समतेवरचा लेख आपण अशा दारामागे ठेवतो, जे दृष्टिहीन वाचकासाठी उघडतच नाही.

तेव्हा काम काय करायचे ते स्पष्ट आहे. प्रत्येक तालुक्यात, आपल्या विहारात किंवा वाचनालयात, पाच-सहा विद्यार्थ्यांचे वाचक मंडळ असावे. प्रवेश निश्चित होताच अभ्यासक्रमाची पुस्तकयादी महाविद्यालयाकडून मागावी. पाने यंत्रावर घ्यावीत, अक्षरे ओळखणाऱ्या प्रणालीने मजकूर काढावा आणि चुका डोळस विद्यार्थ्याने दुरुस्त कराव्यात. जुन्या छपाईत चुका पुष्कळ निघतात. एका मुलाने रोज दहा पाने केली तरी मोठे पुस्तक महिन्या-दीड महिन्यात तयार होते, आणि ते एकासाठी नव्हे, पुढच्या सर्वांसाठी तयार होते. याच मंडळाने लेखनिकांची यादी ठेवावी. शिक्षकांनी फळ्यावर लिहिताना तोंडाने बोलावे, ‘हे’ आणि ‘ते’ न म्हणता आकृतीचे वर्णन करावे. याला पैसा लागत नाही.

दुसऱ्याने वाचून दाखवले किंवा लिहून दिले म्हणजे विद्वत्ता उसनी ठरत नाही. आयुष्याच्या अखेरीस बाबासाहेबांचीही दृष्टी मंदावली होती, आणि त्यांच्या हस्तलिखितांचे टंकलेखन नानकचंद रत्तू रात्री जागून करीत होते. ग्रंथ बाबासाहेबांचेच राहिले. रत्तूंचे श्रमही इतिहासात राहिले. आपल्या वस्तीतल्या दृष्टिहीन मुलीला दया नको आहे, सत्कारही नको आहे. तिला आठवीत ब्रेलची पाटी, दहावीत गणित, अकरावीत कागदपत्रे आणि बारावीनंतर वाचता येईल असे पुस्तक हवे आहे. पुढे काय शिकायचे, ते तिचे ती ठरवील.